मुलांच्या कण्यातील गाठी आणि आपण

मज्जारज्जूवर दाब देणारी गाठ काढण्याची पहिली गाजलेली शस्त्रक्रिया १८८७ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी केली. दोन्ही पायांतील शक्ती गमावलेला रुग्ण पुन्हा चालू लागला. श्रेयाचा मोठा वाटा मात्र विल्यम गॉवर्स या फिजिशियनचा. क्ष-किरणांचा शोध अजून ८ वर्षे दूर असताना त्यांनी केवळ तपासणीवरून गाठीची जागा सांगितली होती. आम्हा बालरोगतज्ज्ञांना ही गोष्ट विशेष भावते, हे ओघाने आलेच!

मुलांमध्ये मज्जारज्जूच्या आत वाढणाऱ्या गाठींत अ‍ॅस्ट्रोसायटोमा प्रमुख. पूर्वी तुकडा तपासून किरणोपचार देण्यावरच बहुधा समाधान मानले जाई. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या फ्रेड एपस्टाइन यांनी सूक्ष्मदर्शक व अल्ट्रासॉनिक अ‍ॅस्पिरेटर यांच्या साहाय्याने अशा गाठी शक्य तितक्या काढता येतात, हे दाखवून दिले. आज शस्त्रक्रिया चालू असतानाच मज्जातंतूंच्या संदेशवहनावर लक्ष ठेवता येते. वाढत्या वयात कणा वाकू नये म्हणून मणक्याची मागची कमान अनेकदा पुन्हा जागेवर बसवतात. तरीही वर्षानुवर्षे पाठपुरावा हवाच. तान्ह्या मुलांतील न्यूरोब्लास्टोमा कण्यात शिरला असेल, तर अनेकदा आधी केमोथेरपीचाच विचार होतो.

परंतु शस्त्रक्रियेनंतर मूल कितपत चालेल, हे बव्हंशी शस्त्रक्रियेपूर्वी ते किती चालत होते यावर अवलंबून असते. म्हणजे निकालाचा बराचसा भाग आपल्या ओपीडीतच ठरतो. सीहोर-विदिशेकडून आलेली आई सांगते, "बच्चा रात को उठ-उठकर रोता है." मुलाची पाठदुखी, त्यातही झोपेतून उठवणारी, 'वाढीचे दुखणे' म्हणून सोडून देऊ नये. जमिनीवर खेळणे टाकून ते उचलायला सांगावे. पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून मूल खाली बसले तर सावध व्हावे. मान वाकडी होणे, नव्याने अडखळणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतणे, हट्टी बद्धकोष्ठ हीही चिन्हेच. आपल्याकडे कण्याचा क्षयरोग पुष्कळ; म्हणून एमआरआयशिवाय क्षयाचे औषध सुरू करण्याचा मोह होतो. स्टेरॉइडने सूज उतरून मूल चार दिवस बरे दिसते, तो आराम फसवा असतो.

भोपाळमध्ये हमीदिया रुग्णालयात व एम्समध्ये न्यूरोसर्जरी विभाग आहेत. पायांतील शक्ती कमी होऊ लागली किंवा लघवी अडली, तर सोमवारच्या ओपीडीची वाट न पाहता चिठ्ठी त्याच दिवशी लिहावी आणि फोनही स्वतःच करावा.