आमचा भयपट आणि आजीचा मोती

भिवंडीत शांतता दुर्मीळ. रात्रंदिवस चालणाऱ्या मागांच्या खटखटाटाची आपल्या कानांना इतकी सवय झालेली असते, की तो थांबला म्हणजेच आपण दचकतो. पाहुण्यांना आवाजामुळे झोप येत नाही; आपल्याला वीज जाऊन गल्लीतले माग एकदम गप्प झाले की जाग येते. गेल्या वर्षी आम्ही पाच मित्रांनी एक छोटा भयपट करायचे ठरवले, ते ह्याच शांततेच्या भरवशावर. गोष्ट अगदी साधी होती. बंद पडलेला एक यंत्रमागाचा कारखाना, त्याचा राखणदार आणि राखणदाराचा कुत्रा. रात्री एका मागाचा आवाज सुरू होतो. राखणदाराला तो ऐकू येत नाही, कुत्र्याला येतो. एवढेच. लांबी सात मिनिटे.

कारखाना एका मित्राच्या मामांचा, कॅमेरा म्हणजे मोबाइल, आणि कुत्रा आमच्या घरचा. खरे म्हणजे आजीचा. मोती त्याचे नाव. जात गावठी, रंग तांबूस, वय नऊ वर्षे. हा लेख आमच्या चित्रपटाचे कौतुक करण्यासाठी लिहिलेला नाही. पुढे आपल्यापैकी कोणाला असा उद्योग करावासा वाटला, तर आमच्या हातून झालेली चूक त्याने करू नये आणि आम्हाला उशिरा सुचलेले शहाणपण त्याला आधी मिळावे, एवढाच हेतू.

भयपटात कुत्रा का हवा, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. रात्री कुत्रे रडले की घरातली म्हातारी माणसे अस्वस्थ होतात. आपल्याला न दिसणारे त्याला दिसते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. दत्तात्रेयाच्या पायांशी कुत्री आहेत, खंडोबाजवळ कुत्रा आहे, भैरवाचे तर ते वाहनच. धर्मराजाच्या सोबतीला शेवटपर्यंत उरला तोही कुत्राच. म्हणजे ह्या जगाच्या उंबरठ्यावर बसलेला प्राणी म्हणून आपण त्याला आधीपासूनच ओळखतो.

ह्या समजुतीला शास्त्राचाही थोडा आधार आहे. माणसाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. त्याच्या नाकाबद्दल तर बोलायलाच नको. त्याच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परत फिरवणारा एक थर असतो. त्यामुळे अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा बरे दिसते, आणि विजेरीच्या झोतात त्याचे डोळे चमकतात ते ह्याच थरामुळे. तेव्हा रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून पाहणारा कुत्रा बहुधा उंदराची चाहूल घेत असतो. पण आपल्याला तो उंदीर ऐकू येत नाही. भयपटाला ह्यापेक्षा अधिक काय हवे?

लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी हे केव्हाच ओळखले होते. कॉनन डॉयलच्या बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची कथा १९०२ साली पुस्तकरूपाने आली. त्यातला दुष्ट माणूस कुत्र्याच्या तोंडाला चमकणारे रसायन फासतो. आपल्याकडे 'बीस साल बाद' (१९६२) ह्याच कथेवर बेतला होता. पुढे 'तेरी मेहरबानियाँ' (१९८५) मध्ये कुत्राच आपल्या मालकाच्या खुनाचा सूड घेतो. त्याचेही चित्रपटातले नाव मोतीच. आमच्या आजीने तो चित्रपट पाहिलेला असल्यामुळे मोतीला काम करू देण्याची परवानगी चटकन मिळाली.

आता चूक सांगतो. पहिल्या रात्री आम्हाला हवा होता तो क्षण असा : मोती अंधाराकडे पाहतो आणि घाबरतो. मोती काही केल्या घाबरेना. पाच ओळखीची पोरे, सगळ्यांच्या हातात बिस्किटे; घाबरायचे कशाला? तो शेपूट हलवत कॅमेरा चाटायला येई. तासाभराने आमच्यापैकी एकाला कल्पना सुचली आणि आम्ही बाकीच्यांनी तिला मान डोलावली, हेही कबूल केले पाहिजे. त्याने मोतीच्या मागे लवंगी फटाका लावला. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज केवढा घुमला! मोतीने एका हिसक्यात पट्टा सोडवला आणि तुटलेल्या दाराच्या फटीतून तो बाहेर गेला.

रात्रभर आम्ही त्याला शोधत होतो. गोदामांच्या रस्त्याने हिंडलो, ट्रकखाली वाकून पाहिले, हाका मारून घसे बसले. पहाटे तो कामवारीच्या काठी एका हातगाडीखाली सापडला. अंग थरथरत होते आणि एका पंजाला काच लागली होती. मला पाहून तो पुढे आला नाही, मागे सरकला. नऊ वर्षांत असे कधी झाले नव्हते. आजी मला रागावली नाही. ती फक्त म्हणाली, "ते तुमचं नाटक आहे, हे त्याला कुणी सांगितलं होतं का?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या रात्रीचे चित्रीकरण पाहिले. ज्यासाठी एवढे केले त्या तुकड्यात काय होते? एक तांबडी रेघ आणि रिकामी जमीन. खरी भीती पळून जाते; ती चौकटीत थांबत नाही. चित्रपटातली भीती ही निराळीच वस्तू असते आणि ती प्राण्याच्या मनात नव्हे, प्रेक्षकाच्या मनात तयार करायची असते.

हे सांगणारा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हने मोझुखिन नावाच्या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला तीन वेगवेगळी दृश्ये जोडली : सूपाची बशी, शवपेटी आणि लहान मूल. पाहणाऱ्यांना तो चेहरा एकदा भुकेला, एकदा शोकाकुल, एकदा वात्सल्याने भरलेला वाटला, असे सांगतात. चेहरा तोच, अर्थ शेजारच्या दृश्याने दिला. उभा ताणा आणि आडवा बाणा मिळून कापड होते, सुटे सूत म्हणजे कापड नव्हे. भिवंडीकराला हे निराळे समजावून सांगायला नको. आता ह्यात नटाच्या जागी कुत्रा ठेवा. कुत्रा निर्विकार चेहऱ्याने भाकरीकडे पाहतो. त्यापुढे भाकरीऐवजी अंधारातले अर्धे उघडे दार जोडा. झाला भयपट.

अलीकडे ह्याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. बेन लिऑनबर्ग नावाच्या दिग्दर्शकाने 'गुड बॉय' (२०२५) हा पूर्ण लांबीचा भयपट आपल्याच पाळीव कुत्र्याला नायक करून काढला. इंडी हा कुत्रा शिकवलेला नट नव्हता. सुमारे तीन वर्षांत चारशे दिवस चित्रीकरण चालले. म्हणजे कुत्र्याला घाई करायची नाही. तो जे करील त्याची वाट पाहायची. आपल्याला ही गोष्ट नवीन वाटू नये. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली 'अंकुराची वाढ' टिपताना कुंडीतल्या वाटाण्याला काय हुकूम सोडला असेल? ते रोज थोडे थोडे टिपत राहिले. रोप काय आणि कुत्रा काय, दिग्दर्शकाचे ऐकत नाहीत. दिग्दर्शकानेच त्यांचे ऐकायचे असते.

महिनाभर आम्ही कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग पुन्हा सुरुवात केली ती आजीच्या अटींवर. त्यातून जी कार्यपद्धती बसली ती क्रमाने देतो.

पहिले म्हणजे जागेची ओळख. आठ दिवस आम्ही मोतीला संध्याकाळी कारखान्यात नेऊन नुसते हिंडू दिले. जुन्या कारखान्यात खिळे, काचा, तेलाचे डाग असतात. आधी झाडून घेतले. कॅमेरा जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, म्हणजे मोतीच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवला. एवढ्या एका बदलाने तेच शेड दुप्पट मोठे आणि अनोळखी दिसू लागले.

दुसरे, एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त काम नाही. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला की तो कंटाळला किंवा बावरला असे समजावे आणि थांबावे. शेपूट खाली गेले की तर ताबडतोब.

तिसरे, नजर. आजी बीमच्या आड भाकरीचा तुकडा घेऊन बसायची. मोती तिकडे असा काही रोखून पाही, की कान ताठ, मान पुढे, श्वास रोखलेला! आजीने तुकडा हळूहळू वर नेला की त्याची नजर वर चढे, जणू कोणी अदृश्य माणूस उठून उभा राहिला. आमच्या चित्रपटातले सर्वांत भीतिदायक दृश्य ते हेच.

चौथे, शेपूट. आनंदी कुत्रा शेपूट हलवतो आणि भयपटाचा विचका होतो. 'कूजो' (१९८३) ह्या पिसाळलेल्या कुत्र्यावरच्या अमेरिकन चित्रपटात सेंट बर्नार्ड कुत्री इतकी खुशीत असत, की त्यांची शेपटे बांधून ठेवावी लागली म्हणतात. तोंडाचा फेस अंड्याचा पांढरा भाग आणि साखर ह्यांचा होता, आणि तो ती चाटून टाकत. आम्ही बांधाबांध केली नाही. चौकट खांद्यांपाशी कापली. मागे शेपूट खुशाल हलू दिले.

पाचवे, आवाज. चित्रीकरणाच्या वेळी मोतीला कोणताही आवाज ऐकवला नाही. मागाचा खटका एका कारागिराने एकटा माग चालवून दिला, तो वेगळा ध्वनिमुद्रित केला. गुरगुरणे हवे होते. मोती फडके ओढण्याच्या खेळात मनसोक्त गुरगुरतो. ते मुद्रित करून घेतले. खेळातले गुरगुरणे रिकाम्या शेडच्या दृश्यावर टाकले, तेव्हा ते स्वतः मुद्रित करणाऱ्याच्याही अंगावर काटा आला.

सहावे, प्रकाश आणि धुके. डोळे चमकायला हवे असतील तर विजेरी भिंगाच्या अगदी शेजारी धरावी. मात्र ती मंद असावी आणि क्षणभरच लावावी. धूर अजिबात करू नये. कुत्र्याच्या नाकाला तो सोसत नाही. भिंगापुढे पातळ विणीचे कोरे कापड ताणले की उजेडाच्या कडा विरघळतात आणि धुक्याचा भास होतो. असे कापड भिवंडीत मागून मिळते.

सातवे, रक्त. 'सायको' (१९६०) कृष्णधवल असल्यामुळे त्यात रक्त म्हणून चॉकलेटचे पातळ सरबत वापरले होते. ही युक्ती कुत्र्याजवळ कधीही करू नये. चॉकलेट कुत्र्याला विषारी असते आणि जमिनीवर सांडलेले तो चाटणारच. शेंदूरही नको, त्यात शिसे असू शकते. बिटाचा रस तांदळाच्या पेजेत घट्ट केला की पुरते. मोतीने तो चाटला आणि नापसंत केला.

कायद्याची बाजूही माहीत असावी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्यासाठी राज्यसभेत प्रथम विधेयक मांडले ते नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा. रंगभूमीवरच्या एका कलावतीने हे काम हाती घ्यावे, हे आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००१ च्या नियमांप्रमाणे चित्रपटात प्राणी घ्यायचा असेल तर आधी कळवावे लागते, पशुवैद्याचा दाखला लागतो; प्राण्याला गुंगीचे औषध देणे किंवा आगीजवळ नेणे चालत नाही. चित्रपट चित्रपटगृहात जायचा असेल तर प्रमाणपत्राच्या वेळी मंडळाचा ना-हरकत दाखलाही मागितला जातो. तेव्हा ही चौकशी चित्रीकरणाच्या आधी करावी, नंतर नव्हे.

चित्रपट पुरा झाला. एका वर्गात पडदे ओढून तो दाखवला, तेव्हा आजीलाही नेले होते. मोती अंधाराकडे पाहतो, त्याची नजर हळूहळू वर चढते, मागाचा खटका सुरू होतो. वर्गात कोणीतरी किंचाळले. त्याच क्षणी शेवटच्या बाकावरून आजीच्या हसण्याचा आवाज आला. तिला ठाऊक होते, तिथे कोण बसले आहे.

मोती आता माझ्याजवळ पूर्वीसारखा येतो. मात्र दिवाळीत गल्लीत पहिला फटाका वाजला, की तो आजीच्या खाटेखाली जातो आणि मी बोलावले तरी बाहेर येत नाही. पूर्वी तो मी हाक मारली की येत असे.