कुणी पाहिले नाही, म्हणून घडलेच नाही?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वैदिक संमेलनासाठी आलेल्या तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे जाहीर करून टाकले. त्यांचा युक्तिवाद काय, तर माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कुणी सांगितले नाही, कुठे लिहूनही ठेवले नाही. देशातील तीन प्रमुख विज्ञान अकादमींनी एकत्र येऊन या विधानाचा प्रतिवाद केला, हे बरेच झाले. पण आम्हा वकील मंडळींना वेगळेच आश्चर्य वाटले. मंत्रिमहोदय मुंबईचे माजी पोलीस आयुक्त! ज्या खुनाला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही, तो खून झालाच नाही असे समजून पोलीस फाईल बंद करतात काय?

कायदा तसे मानत नाही. साक्षीदार नसला तर परिस्थितिजन्य पुरावा पाहिला जातो. पुण्यातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली अशा पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना चक्क 'पंचशील' म्हटले. प्रत्येक परिस्थिती पक्की सिद्ध झालेली हवी. ती एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवणारी हवी. ती निर्णायक हवी. दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये. आणि पुराव्याची साखळी पूर्ण हवी. कसोटी इतकी कडक, की त्याच खटल्यातला आरोपी सुटला. वाचकहो, याच कसोटीवर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या घराण्याच्या उत्क्रांतीचा पुरावा घासून पाहू.

आधी मुद्देमाल. चीनच्या युनान प्रांतात चेंगजियांग येथे सुमारे ५१ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत इंचभर लांबीचे मासळीसारखे जीव सापडले. जबडा नाही, हाड नाही. पण कण्याची सुरुवात आहे. त्यानंतरच्या थरांत जबड्याचे मासे येतात, मग चार पायांचे प्राणी, मग सरपटणारे, मग सस्तन प्राणी आणि पक्षी. हा क्रम कुठल्याही खंडात उलटा झालेला नाही. खडकांचे वय ठरते ते ज्वालामुखीच्या राखेतील युरेनियमसारख्या मूलद्रव्यांच्या क्षयावरून. हे घड्याळ कुणाच्या श्रद्धेवर चालत नाही. चेंगजियांगच्या थरात एका सशाचा सांगाडा दाखवा, सगळा खटला कोसळेल. दीडशेहून अधिक वर्षांत तो कुणाला दाखवता आलेला नाही.

आता साखळी. मासा पाण्यातून जमिनीवर आला कसा? सुमारे ३८ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत मासेच आहेत आणि ३६ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत पाय असलेले प्राणी आहेत. मग दुवा मधल्या काळात सापडला पाहिजे, असे गणित नील शुबिन, टेड डेश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. त्या वयाचे, उथळ नद्यांच्या गाळातून बनलेले खडक कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समेअर बेटावर उघडे पडले आहेत, हे नकाशात पाहून ते १९९९ पासून त्या भागात मोहिमा काढू लागले. २००४ साली तो प्राणी मिळाला, २००६ मध्ये जगापुढे आला. वय ३७ कोटी ५० लाख वर्षे, नाव 'टिकटालिक'. अंगावर खवले आणि पर आहेत, पण डोके मगरीसारखे चपटे, मान वळणारी, आणि परात दंडाचे एक हाड, पुढे दोन हाडे, पुढे मनगटाची सुरुवात! कुठे खणायचे आणि काय सापडेल, हे आधी सांगून सापडवणे याहून भक्कम पुरावा कोणता?

दुसरा पुरावा आपल्या देशातला आहे. देवमासा हा मासा नव्हे. तो पिलांना दूध पाजणारा, हवेत श्वास घेणारा प्राणी. मग त्याचे पूर्वज जमिनीवरचे असले पाहिजेत. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातील कालाकोट येथून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी खडक गोळा केले होते. त्यांच्या निधनानंतर ते खडक संशोधक हान्स थेविसन यांच्या हाती आले. प्रयोगशाळेत दगड साफ करताना एक कवटी तुटली आणि आतले कानाचे हाड उघडे पडले. त्या हाडाची जाड कड तोवर फक्त देवमाशांच्या घराण्यात दिसली होती. प्राणी मात्र लहान हरणाच्या चणीचा, खुरांचा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. नाव 'इंडोह्यस'. थेविसन, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हे सिद्ध केले. तो देवमाशाचा थेट पूर्वज नव्हे, भाऊबंद. त्याच्या सोबतीला पाकिस्तानात सापडलेले चार पायांचे देवमासे आहेत, कच्छमध्ये सापडलेले आखूड पायांचे आहेत, आणि इजिप्तच्या वाळवंटात सापडलेला अवाढव्य देवमासा आहे, ज्याचे मागचे पाय चिमुकले, पण गुडघा आणि बोटांसह शाबूत आहेत. साखळी आणखी किती पूर्ण हवी?

विरोधी पक्ष म्हणेल, मधले सगळे सांगाडे कुठे आहेत? मेलेला प्राणी गाळात लगेच पुरला गेला तरच त्याचा जीवाश्म होण्याची आशा. बाकी कोल्ह्या-गिधाडांच्या पोटात जातात. पण कोणतेही न्यायालय आरोपीच्या प्रत्येक पावलाचा ठसा मागत नाही. जे ठसे मिळाले ते एकाच दिशेने जातात की नाही, एवढेच पाहते. इथे ते जातात.

या पुराव्याचा आणखी एक निष्कर्ष आहे आणि तो प्रस्थापितांना अधिक बोचतो. जीवाश्म शिडी दाखवत नाहीत, झाड दाखवतात. जमिनीवर आलेल्यांचे वंशज पुन्हा पाण्यात गेले. ते काही खालच्या पायरीवर घसरले नाहीत. वरची पायरी, खालची पायरी ही निसर्गाची भाषाच नव्हे. दंडात एक हाड, पुढे दोन, मग मनगट आणि बोटे, ही रचना माशाच्या परापासून चालत आली. ती वेद म्हणणाऱ्याच्या हातात आहे तशीच गटार साफ करणाऱ्याच्या हातात आहे. कुणी मुखातून जन्मला आणि कुणी पायातून, या कथेला कुठल्याही थरातला खडक साक्ष द्यायला तयार नाही.

म्हणूनच पाठ्यपुस्तकाचा प्रश्न साधा नाही. करोनाकाळातील अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण पुढे करून एनसीईआरटीने २०२२ मध्ये दहावीच्या विज्ञानातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातून उत्क्रांती वगळली. धडा नुसता 'आनुवंशिकता' उरला. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी जाहीर पत्र काढून याचा निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय ठेवला आहे, असे उत्तर मिळाले. पण बारावीचे जीवशास्त्र शिकतात किती? जो मुलगा दहावीनंतर आयटीआयला जातो, जी मुलगी कॉमर्स घेते, जे पोर घरच्या परिस्थितीमुळे कामाला लागते, त्यांच्यासाठी दहावी हीच शेवटची संधी असते. आपल्या वस्त्यांतली किती मुले यात मोडतात, हे आम्ही सांगायला नको.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क (ज) ने विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेले हे कर्तव्य नागरिकावर टाकायचे आणि पुरावा पाहण्याची सवय लावणारा धडाच पुस्तकातून काढायचा, हा कुठला न्याय? मुलांनी डार्विनपुढे हात जोडावेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्यापुढे मुद्देमाल ठेवा, त्यांना उलटतपासणी करू द्या, निकाल त्यांना देऊ द्या. पुस्तकातून धडा गेला असेल तर विहारातल्या रविवारच्या वर्गात, वाचनालयात, वस्तीच्या अभ्यासिकेत तो आपण घेऊ. खडक साक्ष द्यायला केव्हाचे उभे आहेत. ती ऐकायला आपली मुले तिथे असली पाहिजेत.