पावती नको, शेजारी या!

एकशेचाळीस वर्षांपूर्वी ऑक्सफर्डच्या पोरांनी लंडनच्या गरीब वस्तीत मुक्काम ठोकला. त्या मुक्कामाचा धागा आपल्या नागपाड्यात आणि देवनारला येऊन पोचतो!

ऑफिसच्या ‘सीएसआर डे’चा सीन आता सगळ्यांनाच पाठ झालाय. एकसारखे टी-शर्ट, एसी बस, वस्तीतल्या शाळेत वह्यावाटप, ग्रुप फोटो आणि सातच्या आत घरात! वाईट काहीच नाही त्यात. पोरांना वह्या लागतातच. पण त्या वस्तीत पाणी किती वाजता येतं, हे बसमधल्या कुणालाच ठाऊक नसतं.

हीच गोष्ट सॅम्युएल बार्नेट नावाच्या पाद्र्याला खटकली होती. लंडनच्या ईस्ट एण्डमधलं व्हाइटचॅपल हा त्याचा इलाका. गोदीतले रोजंदार, रशियातून परागंदा झालेले ज्यू, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. बार्नेट आणि त्याची बायको हेन्रिएटा यांचा फंडा एकदम साधा होता : नुसते पैसे पाठवू नका, इथे राहायला या. १८८४ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री ऑक्सफर्डचे पहिले दोघे तिथे मुक्कामाला आले. जागेला नाव दिलं टॉयन्बी हॉल. बॅलिअल कॉलेजचा तरुण अभ्यासक अर्नल्ड टॉयन्बी आदल्याच वर्षी, अवघ्या तिशीत गेला होता, त्याची ही आठवण.

दिवसा आपापला कामधंदा आणि संध्याकाळी वस्तीत क्लासेस, क्लब, फुकट कायदेशीर सल्ला. बार्नेट दाम्पत्याच्या चित्रप्रदर्शनांमधूनच पुढे १९०१ मध्ये व्हाइटचॅपल गॅलरी उभी राहिली. सगळंच गोड होतं असं नाही हं! इमारत थेट ऑक्सफर्डच्या कॉलेजसारखी. ईस्ट एण्डचाच नेता जॉर्ज लॅन्सबरी याची तक्रार होती की, या पोरांची करिअर्स झाली, गरीब मात्र होते तिथेच राहिले.

तक्रारीत दम होता. पण त्या पोरांपैकी एक होता विल्यम बेव्हरिज. त्याच्याच १९४२ च्या अहवालावर ब्रिटनची सामाजिक सुरक्षा उभी राहिली. दुसरा क्लेमंट अ‍ॅटली. हो, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला, १९४७ चा पंतप्रधान! १९१० च्या सुमारास तो टॉयन्बी हॉलचा सेक्रेटरी होता. १९४८ मध्ये फुकट उपचार देणारी आरोग्यसेवा त्याच्याच सरकारनं सुरू केली. वस्तीत काय दिसलं, ते ही माणसं विसरली नाहीत.

व्हाइटचॅपल व्हाया शिकागो

टॉयन्बी हॉल बघून गेलेल्या जेन अ‍ॅडम्सनं १८८९ मध्ये शिकागोत हल हाऊस काढलं. त्याच शिकागोत शिकलेला क्लिफर्ड मॅन्शार्ट मुंबईत आला आणि १९२६ मध्ये ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू झालं. नावातच शेजार! इथे काम करताना लक्षात आलं की नुसती तळमळ पुरत नाही, ट्रेनिंगही हवं. मग १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्याचं कॉलेज निघालं. तीच आजची ‘टिस’, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस.

१९५४ मध्ये टिस देवनारला गेली, १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तिचा हिरवागार कॅम्पस आहे एम-पूर्व वॉर्डात. आणि त्याच वॉर्डात आहे देवनारचं डम्पिंग ग्राउंड, गोवंडीचं शिवाजीनगर, मानखुर्द. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा वॉर्ड शहरात सगळ्यात तळाला होता. २०११ मध्ये, पंचाहत्तरीच्या निमित्तानं, टिसनं हाच वॉर्ड कामासाठी निवडला. दाराबाहेरच्या शेजाऱ्याकडे आधी बघायचं ठरलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

टिसमधून निघालेली कामं बघा. १९८४ मध्ये पोलिसांच्याच आवारात सुरू झालेला पीडित महिलांसाठीचा स्पेशल सेल. १९९६ ची चाइल्डलाइन, १०९८. हा नंबर आता सरकार चालवतं. कॉलेजनं सुरू करायचं आणि सरकारला ती जबाबदारी घ्यायला लावायची. वह्यावाटपात आणि यात फरक आहे तो हाच.

‘तू किती दिवसांची?’

पण शेजाराचाही हिशेब असतो. एमएसडब्ल्यू केलेली माझी एक मैत्रीण फील्डवर्कला वस्तीत जायची. पहिल्याच दिवशी एका मावशींनी चहा पुढे केला आणि विचारलं, ‘‘तू किती दिवसांची गं?’’ दरवर्षी नवी मुलगी येते, फॉर्म भरते, मार्चमध्ये गायब होते. रेशनकार्डाचा अर्ज मात्र अर्ध्यावर लटकतो. ‘‘त्या दिवसापासून मी जाताना पुढच्या मुलीला सोबत घेऊन ओळख करून द्यायची, अर्जांची वहीसुद्धा तिच्या हातात द्यायची,’’ मैत्रीण म्हणाली. ग्लॅमर शून्य, पण अर्ज पुढे सरकला.

तेव्हा मंडळी, पुढचा ‘सीएसआर डे’ प्लॅन करताना एचआरला एवढंच सांगून बघा : एक बस नको, एकच वस्ती हवी. आठवड्यातून एक संध्याकाळ, निदान वर्षभर. आणि तुमची बदली झाली, जॉब बदलला, तर वही कुणाच्या हातात देणार, ते आधी ठरवा. टी-शर्ट काय, नंतरही छापता येतील!