फिशटँकचा पडदा : निवड आणि जोडणी

● रंग : काळ्या पडद्यावर निऑन टेट्रा, गोल्डफिश उठून दिसतात; निळ्यामुळे टाकी खोल भासते.

● पोस्टर : मागच्या काचेला बाहेरून लावा. काच पुसून ग्लिसरीनचा पातळ थर द्या, पोस्टर चिकटवा आणि जुन्या एटीएम कार्डाने बुडबुडे मधून कडेकडे सारा. मध्ये हवा राहिली, तर तिथे काच आरशासारखी चकाकते.

● थ्रीडी फोम : रिकाम्या, कोरड्या टाकीत आतून बसवा. बुरशीरोधक रसायन नसलेलं, फिशटँकसाठीचं सिलिकॉनच वापरा. सुकायला किमान २४ तास द्या. कडांच्या फटी बुजवा, नाहीतर मासे मागे अडकतात.

● जागा : ३० सेंमी रुंद टाकीत ५ सेंमी जाड फोम सहावा हिस्सा खातो. मासे त्या बेतानेच आणा.