बढतीला नकार देणारी लीग

इंग्लंडमधल्या फुटबॉलची रचना मजल्यामजल्यांची आहे. सर्वांत वर प्रीमियर लीगचे २० क्लब, खाली इंग्लिश फुटबॉल लीगच्या तीन विभागांत प्रत्येकी २४, मग नॅशनल लीग, आणि तिथून पुढे मजले रुंदावत जातात. नवव्या मजल्यावर देशभर पसरलेल्या सोळा प्रादेशिक विभागांत नॉर्दर्न लीगचा पहिला विभाग येतो. दुसरा विभाग त्याच्याही एक मजला खाली. नियमाने पाहिले तर पहिल्या विभागातला एखादा खेड्यातला क्लब ओळीने आठ बढत्या मिळवून थेट मँचेस्टर युनायटेडसमोर उभा राहू शकतो. गंमत अशी की या लीगमधल्या कित्येक विजेत्यांनी पहिलीच पायरी चढायला नकार दिला, आणि तोही एकदा नव्हे, वर्षानुवर्षे.

आज नवव्या मजल्यावर असलेली ही लीग वयाने मात्र जवळजवळ सर्वांची आजी आहे. जगातली पहिली फुटबॉल लीग १८८८ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. त्यानंतर वर्षभरातच, १८८९ मध्ये, ईशान्य इंग्लंडातल्या क्लबांनी डार्लिंग्टनचे सचिव चार्ल्स क्रेव्हन यांच्या पुढाकाराने नॉर्दर्न लीग स्थापन केली. अजून चालू असलेल्या लीगांमध्ये ती जगात दुसरी. पहिल्या मोसमात न्यूकॅसल शहराचे दोन संघ होते, ईस्ट एंड आणि वेस्ट एंड. १८९२ मध्ये वेस्ट एंडने गाशा गुंडाळला, त्यांचे सेंट जेम्स पार्क मैदान ईस्ट एंडला मिळाले आणि त्याच वर्षी ईस्ट एंडचे न्यूकॅसल युनायटेड झाले. मिडल्सब्रोही व्यावसायिक होण्यापूर्वी इथेच खेळला आणि जिंकला. मोठे झालेले क्लब निघून गेले. मागे राहिली ती डरहॅम परगण्यातली कोळशाच्या खाणींची गावे.

त्यातले एक गाव वेस्ट ऑकलंड. चहाच्या पुड्यांवरून आपल्याला ठाऊक असलेले सर थॉमस लिप्टन यांनी १९०९ साली इटलीतल्या तुरीनमध्ये एक आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा भरवली. विश्वचषक सुरू व्हायला अजून २१ वर्षे होती. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) संघ पाठवायला नकार दिला, आणि आमंत्रण गेले वेस्ट ऑकलंडच्या खाणकामगारांना. ते त्यांनाच का गेले, याची एक लोकप्रिय कथा आहे: लिप्टन यांना वूलविच आर्सेनल हवा होता आणि ‘डब्ल्यू. ए.’ या आद्याक्षरांनी घोळ केला. कथा इतकी नेटकी आहे की तिच्यावर विश्वास ठेवायला मन धजत नाही. पुढचे मात्र पक्के आहे. खाणीतले हे लोक तुरीनला गेले, उपांत्य सामन्यात स्टुटगार्टच्या संघाला आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथुरला त्यांनी २-० असे हरवले. १९११ मध्ये ते चषक राखायला परत गेले आणि अंतिम सामन्यात युव्हेंटसचा ६-१ असा धुव्वा उडवला. सलग दुसऱ्या विजयामुळे चषक कायमचा त्यांचा झाला.

घरी परतल्यावर कळले की विजयाने कर्ज फिटत नाही. प्रवासखर्चाने क्लब बुडाला होता. चषक गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे ४० पौंडांना गहाण पडला आणि कित्येक दशके तिथेच राहिला. १९६० मध्ये गावाने १०० पौंड देऊन तो सोडवून आणला. १९९४ मध्ये तो चोरीला गेला. आज गावात आहे ती प्रतिकृती.

१९०९ च्या त्या संघात शेजारच्या क्रूक गावचा जॅक ग्रीनवेल पाहुणा खेळाडू म्हणून होता. तोही खाणकामगाराचा मुलगा. पुढे तो बार्सिलोनात खेळला आणि १९१७ पासून काही वर्षे तिथला प्रशिक्षकही झाला. त्याच ओळखीतून क्रूक टाउनचा हौशी संघ बार्सिलोनाला जाऊन खेळून आला. १९३९ मध्ये ग्रीनवेलने पेरूला दक्षिण अमेरिकेचे विजेतेपद मिळवून दिले. त्या स्पर्धेच्या इतिहासात हे जमलेला खंडाबाहेरचा तो एकटाच प्रशिक्षक.

पण लीगचे खरे वैभव होते हौशी क्लबांच्या एफए अमॅच्युअर कपात. बिशप ऑकलंडने तो दहा वेळा जिंकला, १९५५ ते १९५७ सलग तीनदा. १९५४ च्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर त्यांच्यासमोर क्रूक टाउन होते. एकमेकांपासून काही मैलांवरच्या दोन छोट्या गावांचा सामना पाहायला एक लाख लोक आले. २-२. न्यूकॅसलला फेरसामना, पुन्हा २-२. अखेर मिडल्सब्रोत तिसऱ्या सामन्यात क्रूक १-० ने जिंकले. चार वर्षांनी म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचा संघ उद्ध्वस्त झाला, तेव्हा बिशप ऑकलंडचे बॉब हार्डिस्टी, डेरेक ल्युइन आणि वॉरेन ब्रॅडली मदतीला गेले. हार्डिस्टी १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये युनायटेडच्याच मॅट बझ्बी या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळलेला. पेशाने शिक्षक असलेला ब्रॅडली तर युनायटेडच्या पहिल्या संघात स्थिरावला आणि १९५९ मध्ये इंग्लंडकडूनही खेळला.

हौशीपणा कागदावर सोवळा होता. प्रत्यक्षात सामना संपल्यावर खेळाडूच्या बुटात नोटा सापडत, हे सगळ्यांनाच माहीत होते. १९७४ मध्ये फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला आणि अमॅच्युअर कप इतिहासजमा झाला. इथून नॉर्दर्न लीगचा पाय घसरला, आणि त्यात तिच्या मानीपणाचा वाटा मोठा होता.

१९७९ मध्ये फुटबॉल लीगच्या खालच्या क्लबांसाठी देशव्यापी अलायन्स प्रीमियर लीग निघाली आणि तिच्याखाली मजले रचले जाऊ लागले. नॉर्दर्न लीगने नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या खाली बसावे, असे ठरत होते. ही नॉर्दर्न प्रीमियर लीग १९६८ ची. नव्वदीच्या आजीने अकरा वर्षांच्या पोरीच्या हाताखाली जायचे का? लीगने ठाम नकार दिला आणि बाहेर राहिली. तत्त्व म्हणून ठीक, पण हिशेब म्हणून तोट्याचा सौदा. १९७८ मध्ये एफए कपाच्या पाचव्या फेरीपर्यंत धडकलेला ब्लाइथ स्पार्टन्स याच लीगचा क्लब होता. इतकी ताकद असताना दार आतून लावून घेतले गेले. १९८८ मध्ये बिशप ऑकलंड आणि व्हिटली बे निघून गेले. १९९१ मध्ये लीग अखेर रचनेत सामील झाली, तेव्हा मिळालेली जागा नाकारलेल्या जागेपेक्षा खालची होती.

आता दार उघडे होते, तरी क्लब उंबरा ओलांडेनात. त्यामागे जुना मान उरला नव्हता, होते ते साधे अंतर. नॉर्दर्न लीगमध्ये बहुतेक सामने तासाभराच्या अंतरावर. बढती घेतली की पेनाइन डोंगर ओलांडून मँचेस्टरच्या बाजूला खेळायला जायचे. मंगळवारी रात्रीचा सामना असेल तर प्लंबर, इलेक्ट्रिशियन, शाळामास्तर अशा खेळाडूंनी दुपारीच काम सोडून बस धरायची, मध्यरात्री परतायचे आणि सकाळी पुन्हा कामावर हजर. बसचे भाडे वाढते, अर्ध्या दिवसाची मजुरी भरून द्यावी लागते, आणि घरच्या मैदानावर शेजारच्या गावाशी होणारा, गर्दी खेचणारा सामना हातचा जातो. शिवाय मैदानाची तपासणी. फ्लडलाइट, छताखालच्या खुर्च्या, ड्रेसिंग रूम, मैदानाभोवतीचा कठडा हे सगळे ठरलेल्या तारखेपर्यंत नियमात बसले नाही, तर गुणतक्त्यात पहिला येऊनही उपयोग नाही. हे क्लब गणपती मंडळासारखे चालतात: तिकीट फाडणारा, गवत कापणारा आणि मध्यंतरात चहा देणारी, सगळे गावातलेच आणि बिनपगारी. त्यांच्या जमाखर्चाच्या वहीत बढती हा खर्चाच्या बाजूचा आकडा असतो.

म्हणून स्पेनीमूर टाउनने २०१० ते २०१२ सलग तीन विजेतेपदे मिळवली आणि तिन्ही वेळा तिथेच राहिला. शिल्डन २०१६ मध्ये जिंकला, तोही तिथेच. बलाढ्य क्लब खालच्या मजल्यावर साचल्याचा परिणाम देशाला एफए व्हाझमध्ये दिसला. ही स्पर्धा खालच्या मजल्यांवरच्या क्लबांची. २००९ ते २०१७ या नऊ वर्षांत ती आठ वेळा नॉर्दर्न लीगने जिंकली: परतून आलेल्या व्हिटली बेने ओळीने तीनदा, मग डन्स्टन, स्पेनीमूर, नॉर्थ शील्ड्स, मॉर्पेथ आणि साउथ शील्ड्स. २०१२ मध्ये तर हरलेला संघही याच लीगचा, वेस्ट ऑकलंड. दक्षिणेतल्या क्लबांनी कुरकुर केली आणि ती अगदीच निराधार नव्हती. वर जायला हवा तो संघ खाली थांबून कप उचलत असेल, तर बरोबरीची लढत कसली?

कोंडी फुटायला साउथ शील्ड्स कारणीभूत ठरला. व्हाझ जिंकण्याच्या काहीच वर्षे आधी या क्लबला स्वतःचे मैदान गमावून पीटरली गावात जाऊन खेळावे लागले होते. २०१५ मध्ये जेफ थॉम्पसन या उद्योजकाने क्लब घेतला, मैदान परत मिळाले, आणि प्रीमियर लीगमध्ये खेळलेला अर्जेंटिनाचा हुलिओ आर्का इथे उतरला. २०१६-१७ मध्ये त्यांनी लीग, लीग कप, डरहॅम चॅलेंज कप आणि व्हाझ असे चारही चषक जिंकले आणि बढती घेतली. २०१८ मध्ये मार्स्क आणि मॉर्पेथ वर गेले, २०१९ मध्ये डन्स्टन. करोनामुळे अर्धवट राहिलेल्या मोसमांनंतर २०२१ मध्ये रचना बदलली, तेव्हा शिल्डन, हेबर्न आणि स्टॉकटन टाउन एकदम वर गेले. एकट्याने वर जाणे महाग होते. शेजारीपाजारी सोबत आल्यावर वरच्या मजल्यावरही ईशान्येचे सामने होऊ लागले, बसचे भाडे आवाक्यात आले आणि नकाराचे मुख्य कारणच ढिले पडले.

खाली रिकाम्या होणाऱ्या जागा दुसरा विभाग भरतो. त्याला क्लब पुरवतात १८९० ची नॉर्दर्न अलायन्स आणि १८९२ ची वेअरसाइड लीग, दोघीही या आजीच्या जवळपास समवयस्क. साउथ शील्ड्स २०२३ मध्ये नॅशनल लीगच्या उत्तर विभागात पोचला. तिथून प्रीमियर लीग अजून पाच बढत्या दूर आहे.