आधी छत्री, मग कॅमेरा



आपल्या केळापूर तालुक्यात लग्न असले की खांद्यावर मोठा कॅमेरा घेतलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. आता लहान कॅमेरे आले, मोबाइल आले. पण चांगले चित्रण हवे असेल तर आजही मोठे भिंग असलेला, वजनदार कॅमेराच लागतो. असा कॅमेरा तासभर खांद्यावर ठेवून पाहा. मान अवघडते, हात भरून येतात, घामाने जीव हैराण होतो.

मी तुमच्याएवढा असताना पांढरकवड्यात आमच्या मोहल्ल्यातील एका लग्नात घडलेला प्रसंग मला आठवतो. चित्रण करणारा तरुण नवरदेवाच्या पुढे उलटा चालत होता. त्याचा एक डोळा कॅमेऱ्यात होता आणि दुसरा मिटलेला होता. मागे देगीसाठी खोदलेल्या चुलीचा खड्डा होता. लोक ओरडले, पण त्याला ऐकू गेले नाही. तो खड्ड्यात पडला. नशिबाने चूल विझून थंड झाली होती. आम्ही मुले हसलो. अब्बा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "बेटा, डोळा यंत्रात अडकला की आपले पाय कुठे आहेत हे माणसाला कळत नाही."

हे वाक्य मला पुढे एका वेगळ्याच विषयाबद्दल वाचताना आठवले. तो विषय म्हणजे आकाशातून उडी मारताना केलेले चित्रण. जमिनीवर उलटे चालताना एवढी खबरदारी घ्यावी लागते. मग जिथे पायाखाली जमीनच नाही, तिथे मोठा कॅमेरा घेऊन काम करणारे लोक काय करत असतील? या पाठात आपण तेच समजून घेऊ.

प्रथम ही उडी कशी असते ते पाहू. या खेळाला स्कायडायव्हिंग म्हणतात. विमान साधारणपणे १३,००० फूट उंचीवर जाते. ही उंची सुमारे चार किलोमीटर होते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे त्याच्या जवळजवळ अडीचपट उंचीवरून माणूस स्वतःला हवेत झोकून देतो. पहिले दहाबारा सेकंद त्याचा वेग वाढत जातो. मग हवेचा विरोध आणि पृथ्वीची ओढ यांचा तोल साधतो आणि वेग वाढणे थांबते. तेव्हा तो ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येत असतो. एका सेकंदात तो पन्नास मीटरपेक्षा अधिक अंतर पडतो. चार कबड्डीची मैदाने लांबीने एकापुढे एक मांडली, तर जेवढे अंतर होईल तेवढे! सुमारे ५,००० फूट उंचीवर तो हवाई छत्री म्हणजेच पॅराशूट उघडतो. याचा अर्थ, मोकळे पडण्याचा सगळा खेळ पाऊण मिनिटाच्या आसपास संपतो.

आता या पाऊण मिनिटाचे चित्रण कोण करणार? जमिनीवरून चार किलोमीटर उंचीवरचा माणूस ठिपक्यासारखाही दिसत नाही. विमानातून पाहिले तर तो क्षणात खाली जातो. म्हणून चित्रण करणाऱ्याला त्याच्याबरोबरच उडी मारावी लागते आणि त्याच्याच वेगाने पडावे लागते.

मग कॅमेरा हातात का धरत नाहीत, असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर सोपे आहे. हवेत पडणारा माणूस हात आणि पाय यांच्याच साहाय्याने तोल सांभाळतो व दिशा बदलतो. पक्ष्याला जसे पंख, तसे त्याला हातपाय. शिवाय छत्री उघडण्यासाठी हात मोकळाच हवा. म्हणून कॅमेरा हेल्मेटवर घट्ट बसवतात. छायाचित्रकार जिकडे मान वळवील, तिकडे कॅमेरा पाहतो. त्याच्या एका डोळ्यासमोर लहानसे वर्तुळ असलेला नेम बसवलेला असतो. समोरचा माणूस त्या वर्तुळात ठेवला की तो चित्रातही मध्यभागी येतो. स्थिर छायाचित्रे काढायची असतील, तर कॅमेऱ्याची कळ तोंडात धरलेली असते. दातांनी किंवा जिभेने ती दाबली की छायाचित्र निघते.

एवढ्याने भागत नाही. दोन माणसांचे वजन आणि शरीरयष्टी सारखी नसते; त्यामुळे त्यांच्या पडण्याचा वेगही सारखा नसतो. कॅमेऱ्याचे वजन वाढल्यामुळे छायाचित्रकार इतरांपेक्षा लवकर खाली जाऊ लागतो. म्हणून त्याच्या पोशाखात बाह्या आणि कमर यांच्यामध्ये कापडाचे पडदे शिवलेले असतात. हात पसरले की पडद्यांत हवा भरते आणि वेग कमी होतो. हात आखडले की वेग वाढतो. अशा रीतीने तो समोरच्या माणसाच्या बरोबरीने राहतो.

सर्वांत कठीण क्षण येतो तो छत्री उघडताना. दोनशेच्या जवळ असलेला वेग तीनचार सेकंदांत ताशी वीसपंचवीस किलोमीटरपर्यंत उतरतो. धावती बस एकदम थांबली की आपण पुढे फेकले जातो. तसाच, पण फार मोठा धक्का येथे बसतो. त्या वेळी प्रत्येक वस्तू तीनचार पटींनी जड झाल्यासारखी वाटते. तीन किलोचा कॅमेरा मानेला नऊ ते बारा किलोसारखा जाणवतो. त्या क्षणी मान वाकडी असेल, तर इजा होते. म्हणून छायाचित्रकार त्या वेळी नजर समोर ठेवून मान सरळ धरतो. दुसरा धोका छत्रीच्या दोऱ्यांचा. कॅमेऱ्याच्या एखाद्या टोकात दोरी अडकली, तर छत्री नीट उघडत नाही. म्हणून कॅमेऱ्याला कमीत कमी टोके ठेवतात आणि गरज पडल्यास हेल्मेट एका झटक्यात डोक्यापासून सुटेल अशी सोय करतात.

हे काम चित्रपटांसाठीही केले जाते. १९७९ साली प्रदर्शित झालेल्या 'मूनरेकर' या इंग्रजी चित्रपटात छत्री नसलेला नायक आकाशात पडत असल्याचे दृश्य आहे. काही मिनिटांच्या त्या दृश्यासाठी ८८ उड्या माराव्या लागल्या. चित्रपटाचा नेहमीचा कॅमेरा एवढा जड होता, की छत्री उघडताना तो मानेला पेलवला नसता. म्हणून प्लॅस्टिकचे भिंग असलेला हलका कॅमेरा शोधून तो हेल्मेटवर बसवण्यात आला. २०१८ च्या 'मिशन इम्पॉसिबल – फॉलआउट' या चित्रपटासाठी अबू धाबीच्या आकाशात २५,००० फूट उंचीवरून उड्या मारल्या गेल्या. क्रेग ओब्रायन हे छायाचित्रकार डोक्यावर कॅमेरा घेऊन अभिनेता टॉम क्रूझ यांच्या पुढे, पाठ खाली करून विमानाबाहेर पडत. दृश्य संध्याकाळच्या उजेडातले होते. असा उजेड दिवसातून काही मिनिटेच मिळे, त्यामुळे एका दिवसात एकच प्रयत्न होई. चित्र स्पष्ट यावे म्हणून दोघांमध्ये सुमारे तीन फुटांचे ठरलेले अंतर राखावे लागे. तयारीच्या आणि प्रत्यक्ष चित्रणाच्या मिळून शंभराहून अधिक उड्या झाल्या.

आपल्या महाराष्ट्राचाही या खेळात मान आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी मारली. त्या वेळी तापमान शून्याखाली ३७ अंश होते आणि त्यांच्या आयुष्यातील ती पहिलीच उडी होती. १५ डिसेंबर २००६ रोजी त्यांनी दक्षिण ध्रुवावर उडी मारली. २०११ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमधील पट्टाया येथे त्यांनी नऊवारी साडी नेसून १३,००० फुटांवरून उडी घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टच्या परिसरात हेलिकॉप्टरमधून उड्या मारल्या. तेव्हा न्यूझीलंडच्या वेंडी स्मिथ यांनी त्यांच्याबरोबर हवेत उतरून चित्रण केले. वर्तमानपत्रात आपण अशा उडीचे छायाचित्र पाहतो आणि उडी मारणाऱ्याला शाबासकी देतो. पण त्याच वेळी, तेवढ्याच उंचीवर, डोक्यावर ओझे घेऊन आणखी कोणीतरी पडत असते. ते माणूस छायाचित्रात कधीच दिसत नाही.

आता मी तुम्हाला एक दुःखद घटना सांगतो. ती सांगण्यासाठीच हा पाठ लिहायला घेतला.

एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात एक अनुभवी छायाचित्रकार विद्यार्थ्याच्या उडीचे चित्रण करण्यासाठी विमानात बसला. त्याने त्यापूर्वी आठशेपेक्षा जास्त उड्या मारल्या होत्या. त्या काळी चित्रण साठवणारे यंत्र मोठे असे, म्हणून कॅमेरा हेल्मेटवर आणि यंत्र पाठीवरच्या पिशवीत होते. विद्यार्थी आणि शिक्षक विमानाबाहेर पडले. त्यांच्याबरोबर यानेही उडी घेतली. चित्रण उत्तम चालले होते. मग समोरच्यांची छत्री उघडली आणि ते वर राहिले. याने आपल्या छत्रीकडे हात नेला, तेव्हा त्याला कळले, की आपण छत्री बांधलेलीच नाही. तो वाचला नाही.

हे कसे झाले असेल? तो नवशिका नव्हता. निष्काळजी म्हणूनही प्रसिद्ध नव्हता. पाठीवर यंत्राचे ओझे होते आणि खांद्यावर पट्टे होते. रोज पाठीवर ओझे असणाऱ्याला आजही ओझे जाणवले आणि मनाची खात्री पटली. सगळे लक्ष कॅमेऱ्याकडे होते. विमानातील इतरांच्याही ध्यानात ही गोष्ट आली नाही. ज्या हातांनी कॅमेऱ्याचा प्रत्येक पेच तपासला, त्याच हातांनी छत्रीचा पट्टा चाचपला असता, तर एक जीव वाचला असता.

म्हणून या कामात आज कडक शिस्त पाळतात. अमेरिकेतील पॅराशूट संघटना सांगते, की किमान २०० उड्यांचा अनुभव असल्याशिवाय कोणीही कॅमेरा घेऊन उडी मारू नये. कारण कॅमेरा आला की लक्ष वाटले जाते. उंची पाहणे, इतरांपासून अंतर ठेवणे, वेळेवर छत्री उघडणे या गोष्टी आधी अंगवळणी पडल्या पाहिजेत. विमानात बसण्यापूर्वी आणि बाहेर पडण्यापूर्वी छत्रीचे पट्टे तपासतात. स्वतःचे तपासतात आणि एकमेकांचेही तपासतात. हेल्मेटमध्ये ठरलेल्या उंचीवर आवाज देणारे यंत्र असते. माणूस छत्री उघडायला चुकला, तर राखीव छत्री आपोआप उघडणारे साधनही असते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा : राखीव छत्री उघडणारे साधन छत्रीतच बसवलेले असते. छत्रीच बरोबर घेतली नाही, तर कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही कुठे विमानातून उडी मारणार आहोत?" खरे आहे. पण तुमच्यापैकी अनेकांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात कॅमेरा आहे. पैनगंगेच्या पुलाच्या कठड्यावर बसून चित्रण करणारी मुले मी पाहिली आहेत. महामार्गावर भरधाव मोटारसायकलवर मागे उलटे बसून चित्रण करणारेही पाहिले आहेत. त्यांच्याजवळ ना छत्री, ना हेल्मेट, ना पट्टे तपासणारा सोबती. आकाशातला छायाचित्रकार दोनशे उड्या मारून मगच कॅमेरा उचलतो. आपण मात्र कॅमेरा आधी उचलतो आणि पाय कुठे आहेत हे नंतर पाहतो.

कॅमेरा वाईट नाही. त्याच्यामुळेच आपल्याला हिमालयावरचे आकाश घरबसल्या दिसते. पुढे तुमच्यापैकी एखादी मुलगी किंवा मुलगा छायाचित्रकार झाला, तर मला आनंदच होईल. फक्त एक क्रम कायम लक्षात ठेवा. आधी आपला जीव, मग चित्र. आधी छत्री, मग कॅमेरा.

आज घरी जाताना एक काम करा. पुढच्या वेळी मोबाइल डोळ्यांसमोर धरण्याआधी एकदा खाली पाहा आणि स्वतःला विचारा, "माझे पाय कुठे आहेत?" उत्तर मिळाले, की मगच कळ दाबा.