इस्राएली शाळेविषयीचे काही गैरसमज

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा रेशमाच्या विणकरांचे गाव. तेथे यहुदी माणूस सहसा दृष्टीस पडत नाही, आणि म्हणून त्यांच्या शाळांविषयीचे आमचे बहुतेक समज ऐकीव माहितीवरच पोसलेले आहेत.

त्यांतला पहिला समज असा की, यहुदी मुलाची घरची भाषा परकीय असते. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल हे यहुदी मात्र पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. तेलाचा धंदा करताना शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत आणि केहिमकर, राजपूरकर अशी त्यांची आडनावे कोकणातील गावांवरून पडलेली आहेत. आमच्या भंडाऱ्याकडे तेली समाज मोठा असल्याने ही त्याचीच एखादी पोटजात असावी, असे कोणी समजेल. परंतु ते नाव केवळ व्यवसायावरून पडलेले आहे.

दुसरा समज अधिक खोल रुजलेला आहे: यहुदी शाळा म्हणजे प्रार्थनामंदिराचीच एक ओसरी, जेथे कोवळ्या मुलांकडून धर्मग्रंथ घोकून घेतले जातात. प्रत्यक्षात धर्मशिक्षणाचा बराचसा भार घरच वाहत असे. वल्हांडणाच्या सणाच्या रात्री 'हाग्गादा' ही पोथी वाचताना घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने चार प्रश्न विचारावयाचे आणि वडील मंडळींनी मिसरमधील दास्याची व मुक्ततेची कथा सांगून त्यांचे उत्तर द्यावयाचे, ही रीत. आणि मुलाला ती कथा उमगावी एवढ्यासाठी मूळ हिब्रूबरोबर मराठी भाषांतर देणारी हाग्गादा पुण्यास 1874 साली छापली गेली. एकाच पानावर उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू ओळ आणि डावीकडून उजवीकडे जाणारी देवनागरी ओळ वाचू शकणारे ते मूल मला फार मोलाचे वाटते. पुढल्याच वर्षी, 1875 मध्ये, हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत 'इस्राएलाइट स्कूल' स्थापिले; तेथे हिब्रू व धर्म यांस स्थान होते, पण ते लौकिक विद्येच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे.

ही शाळा बगदादी यहुदी धनिकांची देणगी होती, हाही समज खरा नव्हे. तिचा आरंभ समाजातीलच माणसांनी केला; लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनचे साहाय्य मागाहून मिळाले आणि शाळेला सर एली कदूरींचे नाव तर 1930 नंतरच्या दशकात, त्यांच्या देणगीमुळे लागले. मुलींविषयीही हा समाज उदासीन असेल, असे कोणास वाटत असल्यास रिबेका रूबेन यांचे उदाहरण पाहावे: 1905 च्या मॅट्रिकला त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, आणि 1922 पासून पाव शतकाहून अधिक काळ त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

तेथे केवळ यहुदी मुलेच शिकतात, ही समजूत तर आज पूर्णतः कालबाह्य आहे. 1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलास गेले. मुंबईत माझगावला असलेली ती शाळा मात्र राहिली, आणि तिच्या वर्गांत आता मुख्यतः शेजारच्या मोहल्ल्यांतील मुसलमान व इतर समाजांची मुले बसतात.